व्याह्यांना ओव्हरटेक करताना

परभणी जिल्ह्यातील समस्त वाहनधारक, पादचारी, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी जनावरे आणि त्यांचे मालक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय पन्नाशीच्या पुढे, व्यवसाय शिक्षक, याने गेल्या हिवाळ्यात डोक्याला हेल्मेट घालून, पट्टा आवळून आणि आपल्या सख्ख्या व्याह्यांच्या उपस्थितीत शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालविली आहे. सदर घटनेत जीवितहानी झालेली नाही. एका पाटीचे नुकसान झाले, परंतु पाटीवरचा मजकूर मुळातच खोटा होता. तरी नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. खरी हकीकत खालीलप्रमाणे.

माझ्या गाडी चालवण्याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. मतभेद म्हणजे, माझं एक मत आहे आणि बाकी सगळ्यांचं दुसरं. बायकोचं म्हणणं असं, की एरवी मी बरा चालवतो, पण कुणी मला मागं टाकून गेलं की माझ्या अंगात येतं. यात अगदीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. गंगाखेड रोडवर एखादी गाडी माझ्या उजव्या बाजूनं सूं करून गेली, की मला वाटतं या माणसानं माझ्या वडिलांना काहीतरी बोलून दाखवलं. मग मी त्याच्या मागं लागतो. मी एसटीच्या मागं लागलोय. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं लागलोय, आणि त्याला गाठल्यावर हात वर करून दाखवलाय. एकदा मी रुग्णवाहिकेलाही मागं टाकलं.

"आत कुणीतरी मरायलं आसंल," बायको म्हणाली.

"म्हणूनच पुढं गेलो. तिला रस्ता मोकळा करून देतोय."

तिनं ते मनात ठेवलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं तेव्हा बाहेर काढलं. घाट आहेत, वळणं आहेत, तेव्हा गाडी तिचा भाऊ चालवील.

माझ्या मेव्हण्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. कागद पुरायचा नाही. एवढंच सांगतो, की त्यानं एकदाच माझी गाडी नेली होती आणि ड्रायव्हरची सीट पुढं सरकवली होती. ती सीट अजून पहिल्यासारखी बसत नाही. तो एका बोटानं स्टिअरिंग फिरवतो आणि दुसऱ्या हातानं दात कोरतो. या माणसानं माझ्या गाडीत, माझ्या जागेवर बसायचं, आणि मी मागं लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन कोकण बघायचं. मी जेवण सोडायची धमकी दिली. घरात कुणी घाबरलं नाही.

शेवटी बायकोनंच तोड काढली. ती म्हणाली, "एखाद्या जाणत्या माणसाला माझ्यासमोर सांगू द्या, की यांला गाडी येती. मंग तुमीच चालवा. मी शेजारी बसते. घाटात एक शब्द बोलणार न्हाई."

परभणीत जाणता माणूस कुठून आणायचा, या विवंचनेत मी होतो, तोच बसस्थानकाच्या कोपऱ्यावर फ्लेक्स झळकला. मराठवाड्यात प्रथमच, हाय परफॉर्मन्स ट्रॅक डे. खाली वाऱ्याशी स्पर्धा करणारी लाल गाडी. गाडीच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना शुभेच्छुकांचे हसरे चेहरे, इतके की गाडी त्यांच्यातून वाट काढत बाहेर पडतेय असं वाटावं. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात: पुण्याचे अनुभवी प्रशिक्षक आपल्या शेजारी बसून आपल्या ड्रायव्हिंगबद्दल अभिप्राय देतील.

मी तिथल्या तिथं फोन लावला आणि नाव नोंदवलं.

आता हा ट्रॅक कुठं होता, ते सांगितलं पाहिजे. आमच्या जिल्ह्यात शर्यतीचा ट्रॅक नाही. साधे रस्ते आहेत का, यावरही दोन पक्ष आहेत. पण गावाबाहेर एकानं शेती घेऊन तिच्यावर प्लॉट पाडलेत. भव्य कमान आहे. कमानीवर सिमेंटचे दोन हत्ती सोंड वर करून उभे आहेत. आत रुंद, गुळगुळीत, सिमेंटचे रस्ते, गोल चौक, झोकदार वळणं, दोन्ही बाजूंना दिवे लावायचे खांब. फक्त घर एकही नाही. माणूस राहत नाही, म्हणून पाइप टाकायला कुणी रस्ता खोदत नाही, मांडव घालायला कुणी खड्डे पाडत नाही. जिल्ह्यातला सगळ्यात चांगला रस्ता हवा असेल तर जिथं कुणी राहत नाही तिथं जावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुण्याच्या मंडळींनी ती जागा भाड्यानं घेतली आणि वळणावळणांवर नारंगी शंकू मांडले. झाला ट्रॅक.

इथवर सगळं ठीक होतं. चूक मी पुढं केली.

माझी मुलगी दोन वर्षांमागं बोरीला दिली. म्हणजे मुलगी-जावई असतात पुण्यात, पण घर बोरीचं, व्याही बोरीचे. मोठे शेतकरी, मनानं दिलदार, बोलणं सावकाश. मुलीच्या बापाला एक नियम पाळावा लागतो: घरात काहीही असलं, सत्यनारायण असो की नवीन पंखा बसवणं असो, व्याह्यांना फोन करून 'तुमी बी या की' म्हणायचं. आणि त्यांनी 'बघू, जमवतो' म्हणायचं, आणि यायचं नाही. ही दोन्ही बाजूंनी समजलेली गोष्ट आहे. मी फोन केला. म्हणालो, असं असं गाड्यांचं काहीतरी हाय, तुमी बी या की.

"येतो की," व्याही म्हणाले.

बायको म्हणाली, "आता भोगा."

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर हाय परफॉर्मन्स कमानीतच अडकला होता. पुण्याहून आणलेल्या दोन बुटक्या, महागड्या गाड्या कमानीखालच्या गतिरोधकावर पोट टेकवून बसल्या होत्या. आमच्याकडचा गतिरोधक म्हणजे आडवी झोपलेली म्हैस. पुण्याच्या पोरांनी फळ्या लावून पाहिल्या, ढकलून पाहिल्या, शेवटी त्या गाड्या आल्या वाटेनं परत पाठवल्या आणि जाहीर केलं, की सहभागी मंडळींनी आपापल्याच गाड्या ट्रॅकवर आणाव्यात. गर्दीला याचं काही वाटलं नाही. त्या गाड्यांमध्ये एकतर दोनच माणसं मावत होती, मग घरच्यांना काय टपावर बसवायचं, असा सूर होता.

उद्घाटक पुढारी बऱ्याच उशिरा आले. रस्ता खराब असल्यामुळं उशीर झाला, असं त्यांनीच माइकवर सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. तो रस्ता कुणी खराब केला, हे विचारणारा गर्दीत एकही नव्हता. आम्ही सगळे परभणीचेच होतो. त्यांनी नारळ फोडला. पहिल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. पुण्याचा मुख्य आयोजक ते लिंबू उचलायला वाकला, तेव्हा चौघांनी त्याचा हात धरला.

मग गाड्यांची तपासणी. आत सुटी वस्तू नको, वळणावर ती उडून डोक्यात बसते, असा त्यांचा नियम. माझ्या गाडीतून छत्री, घटक चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा, बदलून आणायची साडी आणि कधीतरी हरवलेला टिफिनचा डबा निघाला. व्याह्यांनीही आल्या आल्या नाव नोंदवलं होतं; त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीतून खताची गोणी, दोर, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, आणि माझ्या बायकोसाठी आणलेली तुरीच्या शेंगांची पिशवी निघाली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मला म्हणाली, "पाव्हण्यांना म्हणावं, कशाला तकलीफ घेतली." व्याही तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ती त्यांच्याशी थेट बोलत नाही. लग्न ठरल्यापासून तिचं त्यांच्याशी झालेलं सगळं संभाषण माझ्यामार्फत झालंय. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, घरचंच हाय." मी तिला सांगितलं.

हेल्मेट घालायची वेळ आली तेव्हा व्याही टोपी काढायला तयार होईनात. सुनेच्या बापासमोर, आणि तेही प्रेक्षकांच्या मांडवात बायामाणसं असताना, उघड्या डोक्यानं बसायचं? शेवटी टोपीवरूनच हेल्मेट चढवलं. डोकं जरा उंच झालं, पण इज्जत राहिली.

माझ्या शेजारी आलेली प्रशिक्षक म्हणजे पुण्याची एक तरतरीत मुलगी. माझ्या मुलीहून थोडी मोठी असेल. मी तिला ताई म्हणू लागलो, तिनं मला सर. मी तिला सगळं प्रकरण खुलं करून सांगितलं: कोकण, घाट, मेव्हणा, सीट. ती हसली नाही. म्हणाली, "सर, मी खरं तेच सांगणार. चांगलं चालवलंत तर काकूंसमोर सांगेन, की गाडी तुम्हीच चालवा."

मग तिनं नियम सांगितले. ते पुढच्या हकीकतीसाठी नीट ऐका. इथं शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. पुढच्या गाडीला ओव्हरटेक करायचं ते फक्त सरळ पट्ट्यात, आणि तेही पुढच्यानं खिडकीतून हात काढून खुणावलं तरच. "पण एकदा त्यानं खुणावलं, सर, की लगेच जायचं. रेंगाळायचं नाही. नाहीतर मागच्या सगळ्यांची कोंडी होते."

मी म्हणालो, "ओव्हरटेकची काळजीच करू नका. ते आमच्या रक्तात हाय."

आणि हिरवा झेंडा पडला.

व्याही माझ्या पुढं होते, हे सांगायलाच नको. मुलीचा बाप मुलाच्या बापाच्या पुढं जात नाही. दारातून आत जाताना नाही, पंगतीत बसताना नाही. मंदिरातून निघताना त्यांची दुसरी चप्पल पायात जाईपर्यंत मी माझी पहिली घालत नाही. तेव्हा गाड्या रांगेत लावताना मी आपसूकच त्यांच्या मागं लावली होती. त्यांची गाडी नवी, ताकदवान. वेग मात्र ऊस भरलेल्या बैलगाडीचा. पहिल्या वळणावर त्यांनी दोन्ही बाजूंची जमीन बघून घेतली. दुसऱ्या वळणावर ते जवळजवळ थांबलेच. नंतर त्यांच्या प्रशिक्षकानं सांगितलं, की ते काच खाली करून मातीकडं बघत म्हणाले होते, "काळीभोर जमीन. कापूस फुटला आसता इथं. काय केलंय बगा येड्यांनी."

सरळ पट्टा लागला आणि व्याह्यांचा हात खिडकीतून बाहेर आला. पांढरी बाही, बोटात पोवळ्याची अंगठी. हातानं मला अदबीनं खुणावलं: व्हा पुढं.

मी माझा हात बाहेर काढून खुणावलं: न्हाई न्हाई, तुमीच व्हा.

"सर," ताई म्हणाली, "त्यांनी साइड दिलीय."

"देणारच. घराणं मोठं हाय."

"मग जा ना."

"तसं लगेच जायचं नसतं. आधी नको म्हणायचं असतं."

"किती वेळा?"

"ते समोरच्याच्या आग्रहावर हाय."

पुढच्या फेरीला त्यांनी परत हात काढला. मी परत काढला. त्यांच्या हालचालीत आता थोडा जोर आला होता, माझ्या नकारात थोडी लवचीकता. बोलणी योग्य दिशेनं चालली होती. पण ताईला यातलं काही कळेना.

"अहो सर, तुम्ही म्हणाला होतात ओव्हरटेक रक्तात आहे."

"परक्याला. हे व्याही हायेत. ताई, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"मंग तुमच्या वडिलांना विचारा."

ती आरशात बघून म्हणाली, "निदान मागच्याला तरी जाऊ द्या. त्याला खुणवा." मी खुणावलं. मागच्या गाडीत बी-बियाणाचा दुकानदार होता. त्यानं काच खाली करून हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "सर, तुमी व्हा. मी तुमच्या वर्गात होतो." आता त्याचा तरी काय इलाज. त्याच्या मागं त्याचा मावसभाऊ होता, तो वयानं त्याच्यापेक्षा लहान. त्याच्या मागं कोण होतं आणि ते कुणाचं कोण लागत होतं, ते मला ठाऊक नाही, पण परभणीत कुणीतरी कुणाचं तरी लागतंच. कुणीच कुणाला मागं टाकेना. बघता बघता त्या झोकदार वळणांवरून आमची सगळ्यांची एक संथ, शिस्तबद्ध मिरवणूक निघाली, आणि प्रत्येक खिडकीतून एक हात पुढच्याला किंवा मागच्याला मान देत होता. माइकवर होता तो आमच्याकडं लग्नांत निवेदन करणारा गडी. समोरचं दृश्य बघून सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "सर्व मंडळींनी जेवण केल्याशिवाय जाऊ नये."

लाल झेंडा दाखवून आम्हाला बाहेर काढण्यात आलं.

मांडवात बायकोनं माझ्याकडं एक नजर टाकली. "एवढं हळू चालवता येतंय तुमाला," ती म्हणाली, "मला आजवर म्हाईतच नव्हतं." मग ताईला विचारलं, "काय मंग, पास का?"

"काकू, मी सरांचं ड्रायव्हिंग अजून बघितलेलंच नाही. ट्रॅकवर एकदाच परत जायचंय. त्यात त्यांनी चालवलं, तर सांगते. नाहीतर मी काय सांगणार?"

"ऱ्हाऊ द्या मंग," बायको शांतपणे म्हणाली, "माझा भाऊ मे महिन्यात मोकळाच हाय."

माझ्या डोळ्यांसमोर ते एक बोट आणि ते दात कोरणं आलं. मी उठलो.

व्याही एका खुर्चीवर चुरमुऱ्यांची सुशीला खात बसले होते. हेल्मेट काढलेलं, टोपी जागच्या जागी. मी खुर्ची ओढली, पण बसलो नाही.

"पाव्हणे, एक विनंती हाय."

"बोला की. आन् बसा आधी. मघापासून हात दाखवू दाखवू खांदा धरला माझा. तुमी जाईनात का? मला वाटलं गाडीत बिघाड हाय."

"तुमच्या पुढं कसं जावं?"

ते खायचे थांबले. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. मान मिळणाऱ्याच्या ती येत नसते. मग मी त्यांना कोकणाचं सांगितलं, बायकोची अट सांगितली, आणि मेव्हण्याचं नाव काढलं.

"त्यो?" व्याह्यांनी ताटली खाली ठेवली. "लग्नात आमच्या गाड्या उन्हात लावायला लावल्या, त्यो?"

"त्योच."

व्याही विचारात पडले. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "ह्ये बगा पाव्हणे. आता मी पोराचा बाप म्हणून सांगायलोय. माझ्या पुढं जायचं. विनंती न्हाई, हुकूम समजा."

हुकूम झाला की मुलीच्या बापाला पर्याय राहत नाही. मी छाती भरून श्वास घेतला. दोन वर्षांत मला एवढं मोकळं वाटलं नव्हतं.

दुसऱ्यांदा ट्रॅकवर गेलो, सरळ पट्टा आला, पांढरी बाही बाहेर आली, आणि मी पाय दाबला. व्याह्यांची गाडी डाव्या खिडकीतून मागं सरकत गेली, आणि पुढं मोकळा, गुळगुळीत, खड्डा नसलेला रस्ता पसरला. आयुष्यभर मी गाडी चालवत नव्हतो, खड्डे चुकवत होतो, हे मला तेव्हा समजलं.

"ब्रेक," ताई म्हणाली. "आता सोडा. वळवा. आतल्या शंकूला घासून. आता पाय दाबा."

मी वर्षानुवर्षं मुलांना अपकेंद्री बल शिकवत आलोय. फळ्यावर वर्तुळ काढायचं, बाण काढायचा, परीक्षेला येतं म्हणून सांगायचं. ते बल मला प्रत्यक्ष भेटलं ते त्या वळणावर. मी उजवीकडं वळलो आणि माझं पोट डावीकडं गेलं. काय गोड भावना होती ती. मी हसत होतो. हेल्मेटच्या आत माझाच हसण्याचा आवाज मला मोठ्यानं ऐकू येत होता.

"वा सर. हीच लाइन. मस्त."

"जरा मोठ्यानं म्हणा, खिडकी उघडी हाय."

"काकू लांब आहेत, सर. पुढे बघा."

अशा दोन फेऱ्या झाल्या. माझं भवितव्य जवळजवळ ठरलं होतं; कोकणातला प्रत्येक घाट मला हात करून बोलावत होता. पण एक गोष्ट आतून टोचायला लागली. मघाशी व्याह्यांच्या पुढून गेलो, ते घाईत तसाच गेलो. नमस्कार राहिला. हुकूम झाला म्हणून काय झालं, मुलाच्या बापाला ओलांडून जायचं आणि साधं वाकायचं नाही? उद्या बोरीच्या पारावर चर्चा होईल. सुनेच्या बापानं धूळ उडवत नेली गाडी, बघितलंसुद्धा नाही. ते फिरत फिरत पुण्यात मुलीच्या कानावर जाईल.

समोर पांढरी गाडी परत दिसू लागली. एवढ्या वेळात त्यांची एक फेरी पुरी झाली नव्हती. त्यांनी मला आरशात बघितलं, हात बाहेर काढला, आणि या वेळी नुसता हलवला नाही, तर शाबासकी दिल्यासारखा गाडीच्या दारावर थोपटला. मला भरून आलं. मी त्यांच्या बरोबरीला आलो. मान वळवली. डोळ्याला डोळा भिडला.

एका हातानं नमस्कार आम्ही बसच्या कंडक्टरला करतो. व्याह्यांना दोन्ही हातांनी करायचा असतो.

मी दोन्ही हातांनी केला. नीट, छातीशी जोडून, मान लववून.

"सर, स्टिअरिंग," एवढं ताई म्हणाली आणि तिनं आडवा हात घातला. पण सरळ पट्टा तेवढ्यात संपला होता, आणि गाडी मात्र सरळच निघाली होती. हे जडत्व. तेही मी शिकवतो. आम्ही नारंगी शंकूंमधून गेलो, प्लॉटच्या हद्दीचे दगड कसेबसे चुकले, आणि वाळलेल्या गवतातून धडधडत एका मोठ्या पाटीवर जाऊन थांबलो. पाटी सावकाश मोडली आणि आमच्या बॉनेटवर अक्षरं वर करून पडली: प्रस्तावित उद्यान व बालक्रीडांगण. उद्यानात तीन-चार शेळ्या चरत होत्या. त्या जरा बाजूला सरकल्या. कमान उभी राहिल्यापासून त्या उद्यानाला मिळालेले आम्ही पहिलेच पाहुणे असू.

ताई धडधाकट होती. मी धडधाकट होतो. हात अजून जोडलेलेच होते, ते मी सोडवले.

सगळ्यात आधी पोचले व्याही. त्यांनी आपली गाडी ट्रॅकच्या मधोमध उभी केली, लाल-पिवळ्या सगळ्या झेंड्यांना न जुमानता उतरले, आणि हेल्मेट घातलेल्या डोक्यानं गवतातून धावत आले. माझ्या खिडकीशी आले, उभे राहिले, आणि आधी त्यांनी दोन्ही हात जोडून माझा नमस्कार परत केला. मग विचारलं, "लागलं का हो?"

मागोमाग मांडवातली गर्दी आली, आणि गर्दीच्या पुढं बायको. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हात-पाय जागेवर आहेत याची खात्री केली, आणि मग तिचा चेहरा बदलला. तिचा निकाल लागला होता. फक्त जाणत्या माणसाच्या तोंडून तो ऐकायचा होता.

ताईनं हेल्मेट काढलं. बिचारी खरं बोलणारी मुलगी. "काकू, खरं सांगायचं तर सरांचा ब्रेकचा अंदाज छान आहे. वळणं सुद्धा छान घेतात. आज आलेल्यांमध्ये मी बघितलेलं हे सगळ्यात चांगलं ड्रायव्हिंग होतं. पण शेवटी हात..."

"पण काय?" व्याही मध्ये पडले. "नमस्कारच केला ना? कुणाला शिवी तर दिली न्हाई? मोठ्या माणसाला बघून हात जोडले, म्हून नापास करतेत का पुण्यात?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बरोबर हाय. बी-बियाणावाला माझा विद्यार्थी म्हणाला, सर शाळेत बी तसेच हायेत.

"पास करून टाका," व्याह्यांनी ताईला फर्मावलं. "आन् आमी बी येतो कोकणात. यांच्याच गाडीत. मागच्या सीटवर मी आन् मंडळी बसतो. पाव्हणे चालवतील. इषय संपला."

मुलाच्या बापानं विषय संपवला की तो संपतो. मी विजयी नजरेनं बायकोकडं पाहिलं. ती व्याह्यांच्या शब्दाबाहेर जाणं शक्यच नव्हतं. त्यांच्याशी तर ती बोलतसुद्धा नव्हती. ताईनं एकदा व्याह्यांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि खांदे उडवून म्हणाली, "ठीक आहे मग, सर पा..."

तेव्हा बायकोनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला, दोन पावलं पुढं आली, आणि व्याह्यांच्या तोंडावर, सगळ्या गर्दीसमोर, माझ्यामार्फत न बोलता, म्हणाली:

"फेल करा यांला, ताई. पाव्हण्यांचं काय जातंय, ते मागं बसणार हायेत. शेजारी मला बसायचंय."